होड्यांची नावं रंगवणारा ब्रश

त्या दिवशी पनवेलला वारा अगदी पडला होता. दिवाळी तोंडावर आली होती, पण ऊन उतरायला तयार नव्हतं. खाडीला ओहोटी होती आणि उघडा पडलेला चिखल वरून वाळून पांढरट दिसत होता. कोळीवाड्यात वाळत टाकलेली जाळी हलतसुद्धा नव्हती. असं ऊन रंगाला बरं नाही. रंग वरून लगेच वाळतो, आतून ओला राहतो, आणि नुसतं बोट लागलं तरी सगळा पापुद्रा सरकतो. दाजींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. तरी त्यांनी मला रॉकेलातून काढलं, फडक्यानं पुसलं, पिशवीत घातलं आणि ते निघाले.

मी त्यांचा ब्रश. बोलायची सवय नाही मला, तेव्हा सावकाश सांगतो. तुम्हीही सावकाश ऐका.

पहिलंच सांगून टाकतो, मला वाचता येत नाही. दाजींनाही येत नाही. आम्ही दोघांनी मिळून जन्मभर अक्षरं रंगवली. मोऱ्याच्या होड्या, करंज्याच्या होड्या, गव्हाणच्या, आमच्या पनवेलच्या खाडीतल्या. पण एकही अक्षर आम्ही वाचलेलं नाही. ऐकून लोक हसतात. हसू द्या.

माझा जन्म कुठं झाला ते मला माहीत नाही. केस डुकराचे, दांडा कसल्याशा हलक्या लाकडाचा, आणि दोघांना धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी. आठवतं ते पनवेलच्या बाजारातलं हार्डवेअरचं दुकान. तिथं मी खिळ्याला टांगलेला होतो. माझ्याबरोबरचे पुष्कळ जण दारं-खिडक्या रंगवायला गेले आणि एका घरातच संपले. मला दाजींनी उचललं आणि आधी स्वतःच्या गालावरून फिरवून बघितलं. मग म्हणाले, "हा ऐकंल माझं." घरी नेऊन त्यांनी दाढीच्या पात्यानं माझे केस तिरके कापले. तेव्हापासून मी अक्षरांचा झालो.

काम असं चालायचं. होडीचा मालक नाव लिहिलेला कागदाचा तुकडा आणायचा. देवाचं नाव असे, आईचं असे, बायकोचं असे. दाजी तो कागद हातात घेऊन खूप वेळ बघत बसायचे. आपण नव्या माणसाचा चेहरा बघतो ना, तसं. अक्षर त्यांना चेहऱ्यासारखंच होतं. कुठं गाल फुगलाय, कुठं हनुवटी खाली आलीय, एवढं डोळ्यांत भरलं की कागद खिशात जायचा. मग वितीनं फळी मोजायची, खडूनं दोन रेघा मारायच्या, आणि मला बुडवायचं. होडीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकाला, दोन्ही अंगांना नाव यायचं. कधी चुकलं नाही.

नाव पुरं झालं की मालक ते मोठ्यानं घ्यायचा, नारळ फुटायचा, आणि मगच होडी पाण्यात जायची. नाव नसलेली होडी आमच्याकडे कुणी पाण्यात घालत नाही. आणि एकदा नारळ फुटला की दाजी त्या होडीला हात लावत नसत. एखाद्या अक्षराखाली ओघळ आलेला दिसला तरी नाही. म्हणायचे, "आता ती त्यांची झाली."

फक्त एक नाव दाजी कागद न बघता रंगवत. त्यांची स्वतःची एक लहानशी होडी होती. लेक जन्मली तेव्हा तिचं नाव त्यांनी होडीवर घातलं, किशोरी. दर साली नारळी पुनवेच्या आधी होडीला नवा रंग लागायचा आणि ते नाव पुन्हा यायचं. शेवटच्या अक्षराची जी रेघ वरून वळून खाली येते, तिच्या टोकाला ते माशाच्या शेपटीसारखा फाटा काढायचे. बाकी कुणाच्याच नावाला तो फाटा नव्हता.

पुढं होडी जुनी झाली, विकली गेली. फायबरच्या होड्या आल्या. त्यांच्यावर चिकटवायची तयार नावं आली. मला काम उरलं नाही. खिडकीत एका डब्यात मी उभा राहिलो, केस वर करून, धूळ खात.

आणि मग घरात ते यंत्र आलं.

किशोरी तोवर शिकून मोठी झाली होती. बेलापूरला एका ऑफिसात काही वर्षं जात होती. एक दिवस ती म्हणाली, ते सोडलं, आता घरून लिहिणार. आई गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. जुन्या बाजारातून एक कॉम्प्युटर आला, मागं मोठं डोकं असलेला, टेबल वाकवणारा. टेलिफोनची तार आली. किशोरीनं माझा डबा खिडकीतून उचलला, धुतला आणि पेनं ठेवायला टेबलावर घेतला. मला काढून टाकील असं वाटलं होतं. तिनं मला पेनांच्या मधोमध उभं केलं.

तिथून मी जे बघितलं त्याचा अचंबा अजून ओसरलेला नाही.

रंग नाही, शाई नाही, काही नाही. ती बोटं आपटायची आणि समोरच्या काचेवर अक्षरं उगवायची. नको वाटली की एक बोट दाबायचं, गेली. डागसुद्धा नाही. आमच्यात पुसायचं म्हणजे रॉकेल, फडकं, घासणं, शिव्या. इथं तर शब्द असे जात होते की जसे आलेच नव्हते. वीज गेली की टेबलाखालची पेटी कुईं कुईं ओरडायला लागायची, आणि किशोरी "थांब गं बाई, थांब" म्हणत घाईनं काहीतरी दाबायची. त्या काळात वीज फार जायची आमच्याकडे.

ती कंपन्यांसाठी लिहायची. सकाळी एका हॉस्पिटलाचं माहितीपुस्तक लिहिताना ती डॉक्टरासारखी धीर देत बोलायची. जेवून उठली की बँक व्हायची. संध्याकाळी साबण. आवाज तिचाच, बसणं तिचंच, पण समोर उमटणारा माणूस दर वेळी निराळा. आणि हे सगळं लिहिलेलं आमच्या घरातून अंधेरीला जायचं, पुण्याला जायचं, बंगळूरला जायचं, आणि दाराबाहेर कुणी पाऊल टाकलेलं नसायचं. मी एका होडीवरून दुसऱ्या होडीवर जायचो तर दाजींच्या पिशवीत बसून उन्हातून जायचो. मला हे कसं कळावं?

शेजारच्या सखूबाईलाही कळत नव्हतं. ती सुकी मासळी विकायची आणि फिरून आली की आमच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसायची.

"किशोरी, तू कंच्या कंपनीत हायेस गो?"

"सगळ्याच, सखूमावशी."

"मंजे कंच्याच नाय." सखूबाई दाजींकडे बघून डोळा मारायची. "पोरगी घरात बसून टकटक करते, आनि बोलते सगल्या कंपन्या माझ्या. लगीन जमवताना काय सांगशील रं दाजी? जावयाला टकटक ऐकवशील?"

दाजी हसायचे, पण ते हसणं ओठांपुरतं. कारण तेच त्यांच्याही मनात होतं. तिनं दिवसभर काय केलं हे संध्याकाळी हात लावून बघता येत नव्हतं. त्यात किशोरीच्या मामानं न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात तिच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती. गळ्यात पट्टा, फाटकावर पास, महिन्याचा महिन्याला पगार. मामा फोनवर फोन करत होता.

"तिथं मला नुसते कंटेनरचे नंबर भरायचेत, बाबा," किशोरी म्हणाली. "मला लिहायचंय."

दाजी म्हणाले, "दिवालीपरेंत बघू. तवर काय पक्कं झालं तं बस लिवत. नाय तं मामाला हो सांगायचं."

ती हळूच म्हणाली, "चालेल."

अंधेरीला कल्पेश नावाचा एक माणूस होता. त्याची जाहिरातीची एजन्सी होती. मोठ्या कंपन्या त्याला काम द्यायच्या आणि तो ते किशोरीसारख्यांना वाटून द्यायचा. त्याच्याकडे एक सिमेंट कंपनी आली होती. गावोगावच्या भिंतींवर रंगवायला एक ओळ हवी होती. ओळ पसंत पडली आणि भिंती नीट रंगवून झाल्या, तर त्या कंपनीचं सगळं मराठी काम वर्षभर किशोरीकडे येणार होतं. म्हणजे दिवाळीच्या आधी पक्कं काहीतरी.

त्या एका ओळीसाठी ती किती दिवस बसली! लिहायची, मोठ्यानं म्हणायची, पुसायची. तांदूळ निवडता निवडता पुटपुटायची. एकदा दाजींनी न राहवून विचारलं.

"चार शब्दांना येवढे दिवस लागतात काय गो? मी सकालच्या पारी दोन होड्या करायचो."

"बाबा, आधी चार नव्हते. कागदभर होते. पुसत पुसत चार राहिले."

"मंजे तुझं काम पुसायचं हाय."

"जास्त करून पुसायचंच."

दाजींनी माझ्याकडे बघितलं.

मग बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी शेजारचा हरेश आला. हरेश ट्रेलर चालवायचा, रोज बंदरावर जाऊन-येऊन. दारातूनच ओरडला, "काका, पळस्पे फाट्याच्या फुडं एका गोडाऊनची आख्खी भित रंगवलीय, पिवली धम्मक! लिवलंय काय म्हायती? घर तुमचं, भार आमचा. मी गाडीच स्लो केली. बोललो, हे तं आपल्या ट्रेलरवर पायजे. भार आमचा! कंटेनर तुमचा, भार आमचा!" आणि स्वतःच हसत सुटला.

किशोरी काचेकडे बघत होती. तशीच, मान न वळवता म्हणाली, "माझं आहे ते."

"काय तुझं?" दाजींनी विचारलं.

"ते वाक्य. मी लिहिलंय."

दाजींच्या हातातली बशी तोंडाजवळ जाता जाता थांबली. चहा गार झाला तरी ती तिथंच होती.

दुसऱ्या दिवशी हरेशनं त्यांना ट्रेलरच्या केबिनमध्ये बसवून नेलं. मला नेलं नव्हतं, तेव्हा हरेशनं सांगितलं तेच सांगतो. दाजी रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. एकेक अक्षर माणसाच्या उंचीचं. त्यांनी हरेशला बोट फिरवून फिरवून वाचायला लावलं, मग पुन्हा लावलं. समोरून गाड्यांची रांग चालली होती. एका टेम्पोतला माणूस मोठ्यानं वाचत गेला. एक क्लीनर ड्रायव्हरला वाचून दाखवत होता. दाजी हरेशला म्हणाले, "होडी नुसती उभी हाय, आनि गाव तिच्यासमोरून चाललंय." मग जवळ जाऊन त्यांनी रंगाच्या कडा बघितल्या, पेंटरचं काम बरं आहे म्हणाले. आणि शेवटी विचारलं, "खाली लाल हाय ते पोरीचं नाव काय रं?"

"नाय काका. ते कंपनीचं."

"मंग पोरीचं खंय हाय?"

"तिचं नाय लिवलेलं."

दाजींनी पुन्हा सगळी भिंत वरपासून खालपर्यंत बघितली. "इसरले असतील," ते म्हणाले. "येवढं मोठं काम, मानूस इसरतं."

बघा, त्यांच्या मनात एवढंच आलं. रागावले नाहीत, कुणाला दोष दिला नाही. नाव राहिलंय, आणि नाव घालणं हे तर आपलंच काम. म्हणून त्या बिनवाऱ्याच्या दिवशी ते मला पिशवीत घेऊन निघाले. पिशवीत लाल रंगाचा डबा होता, खडू होता, आणि एक नारळ होता. किशोरीला काही सांगितलं नाही. तिला रस्त्यानं जाताना दिसेल, असं त्यांना वाटत होतं.

सहा सीटर रिक्षानं फाट्यापर्यंत, पुढं चालत. गोडाऊनचा वॉचमन सावलीत बसला होता.

"कंपनी से आये क्या, चाचा?"

"हां. नाम रैह गया," दाजी म्हणाले.

"तो लिख डालो ना." आणि त्यानं आतून स्टूल आणून दिलं. वर स्टुलाचे पाय धरून उभाही राहिला.

एवढ्या वर्षांनी मी लाल रंगात बुडालो. केस कडक झाले होते, पण दाजींच्या हाताला माझी सवय होती आणि मला त्यांच्या हाताची. उन्हानं रंग पटपट ओढत होता. कंपनीच्या नावाखाली उजवीकडे, होडीवर असायचं तेवढंच. फार मोठं नाही. पहिलं अक्षर, दुसरं, तिसरं. शेवटची रेघ वरून वळून खाली आली आणि दाजींनी श्वास धरून शेपटीचा फाटा काढला. मी फळीवर पुष्कळ चाललो होतो, पण भिंतीवर कधी नाही. फळी हलते, खाली पाणी असतं. ही भिंत हलत नव्हती. हे नाव आता कुठंच जाणार नाही, सगळी दुनिया याच्यासमोरून जाईल, असं मला वाटलं आणि माझे केस शहारले.

दाजी उतरले, मागं सरकले, आणि भर उन्हात लेकीचं नाव मोठ्यानं घेतलं. मग नारळ फोडला. वॉचमनला काही कळलं नाही, पण त्यानं दोन्ही हातांनी खोबरं घेतलं आणि "अच्छा है, अच्छा है" म्हणत खाल्लं.

पुढच्या दोन-तीन दिवसांत दाजींचा चेहरा बघायला हवा होता. सारखे दाराकडे बघायचे. मी पुन्हा डब्यात आलो होतो.

मग कल्पेशचा फोन आला. किशोरी उभी राहून ऐकत होती. नुसतं "हो... हो... मला माहीत नाही सर... पाठवा." फोन ठेवला आणि ती खुर्चीवर बसली. भिंतींचे फोटो काढून कंपनीला दाखवायचे असतात, त्यातला एक कल्पेशनं तिला पाठवला होता. तेव्हा नेट असं हळू होतं की चित्र वरून खाली पट्टी पट्टीनं उतरायचं. आधी गोडाऊनचं छप्पर आलं. मग पिवळं. मग तिची चार अक्षरांची ओळ, नाही, चार शब्दांची. मग कंपनीचं नाव. मग थांबलं. मग एकदम खालची पट्टी आली.

तिला वाचावं लागलंच नाही. तो माशाच्या शेपटीचा फाटा तिनं बघितला आणि पाठमोरी असतानाच म्हणाली, "बाबा."

दाजी दारात होते. आनंदानं पुढं आले. "दिसलं? कोनी दाकवलं?"

"बाबा, हे काय केलंत?" ती खुर्चीतच वळली. "कंपनी कल्पेशसरांना विचारतेय, किशोरी कोण? त्यांनी कंपनीला सांगितलंय की आमच्या ऑफिसातल्या माणसांनी लिहिलंय. तसंच असतं हे काम. मी लिहायचं, नाव कुणाचंच नाही. आता सर म्हणतात, उद्या पुन्हा फोटो काढायला माणूस येणार, त्याच्या आत ते गेलं पाहिजे. नाही तर वर्षाचं काम विसरायचं."

दाजी खाली बसले. मग म्हणाले, "बापाच्या हाताची लाज वाटली काय गो तुला?"

"नाही बाबा. नाही." ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. "एक सांगा. तुम्ही इतक्या होड्या रंगवल्यात. एकीवर तरी तुमचं नाव आहे?"

"माझं कशाला? होडी माझी व्हती काय?"

"मग भिंत माझी कुठं आहे?"

"भित नसंल. पन शब्द तुझे हायत."

"मी दिले ते त्यांना. नारळ फुटल्यावर तुम्ही होडीला परत हात लावता?"

दाजींनी वर बघितलं. मला वाटतं, त्या घटकेला त्यांना ते टकटक पहिल्यांदा समजलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग त्या काचेकडे, मग तिच्या बोटांकडे. जशी काही ती बोटं ते आजच बघत होते.

"पुसाला दुसऱ्या कोनाला पाठवू नको," ते म्हणाले. "माझ्या हातचं हाय. मीच पुसनार."

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं निघाले. पिवळा रंग घेतला, आणि मला. आणि काय गंमत बघा, किशोरीनं ती भिंत तोवर प्रत्यक्ष बघितलेलीच नव्हती! तिच्या हातून शब्द गेले होते, पण ते एवढे मोठे होऊन उभे राहिलेत हे तिनं त्या लहानशा काचेवरच बघितलं होतं. रस्ता ओलांडताना तिची पावलं हळू झाली. मान वर करून ती उभीच राहिली. तिच्यापेक्षा उंच अक्षरं. पदर नव्हता तरी पदर सावरतात तसा तिनं हात खांद्याकडे नेला.

डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई चालली होती. किशोरीला बघून थांबली. "बाय, काय लिवलंय गो त्या भितीवर? रोज जाते, कोनाला इचारू?"

किशोरीनं वाचलं. "घर तुमचं, भार आमचा."

बाईनं ते तोंडात घोळवलं. डोक्यावरची पाटी जरा सरळ केली. "बरं लिवलंय," म्हणाली आणि गेली.

किशोरीनं तिला काहीच सांगितलं नाही. हसली फक्त. ते हसू दाजींनी बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी ते बघितलं नव्हतं, की होडी दुसऱ्याची झाली तरी माणूस असं हसू शकतो. का त्यांचंही असंच असायचं, आणि मीच कधी मान वर करून बघितलं नव्हतं?

मग स्टूल आलं. वॉचमन म्हणाला, "क्यों चाचा, गलत लिखा था?"

"नाय रं. बराबर लिखा था," दाजी म्हणाले आणि मला पिवळ्यात बुडवलं.

मी आयुष्यात कधी नाव पुसलं नव्हतं. शेपटीपासून सुरुवात केली. घाई नाही. रंगवताना जेवढं जपून, तेवढंच जपून. लाल खालून डोकावत होतं, म्हणून वाळू देऊन दुसरा हात, मग तिसरा. शेवटी भिंत अशी कोरी झाली, की कुणाला शंका येऊ नये. दाजी उतरले. किशोरीनं त्यांच्या हातातून मला घेतलं आणि स्वतःच्या ओढणीच्या टोकानं माझा दांडा पुसला.

फोटो गेला. काम टिकलं. वर्षाचं झालं, मग पुढच्याही वर्षाचं. दिवाळीला मामाचा फोन आला तेव्हा दाजींनीच घेतला. "ती कामाला हाय," म्हणाले. "कंची कंपनी काय इचारतोस? सगल्याच."

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. डोकंवाला कॉम्प्युटर गेला, मांडीवर मावणारा आला. तारही गेली. माझे केस झिजून बोटाच्या नखाएवढे उरलेत आणि दांड्याचा रंग उडालाय. दाजींचा हात आता थरथरतो. ते खुर्ची ओढून टेबलाशी बसतात आणि विचारतात, "आज कोनाचं लिवतेस?" ती वाचून दाखवते. ते डोळे मिटून ऐकतात. समजतं किती ते देवाला ठाऊक, पण मधे एकदा "हे पूस," असं सांगतात, आणि कधी कधी ती खरंच पुसते.

मी डब्यातून बघत असतो. मला वाचता येत नाही म्हणून माझा अचंबा संपत नाही, हे एका परीनं बरंच आहे. तुम्हाला वाचता येतं, तेव्हा तुमच्याकडे एक मागणं आहे. औषधाच्या खोक्यावर, बँकेच्या कागदावर, रस्त्याच्या कडेच्या भिंतीवर दोन बऱ्या ओळी दिसल्या तर जरा थांबा. कुणीतरी घरात बसून, पुसत पुसत त्या तिथं आणलेल्या असतात. नाव विचारू नका, मिळणार नाही. नुसते थांबा.

एवढं बोलून निरोप घ्यायचा, पण नाव पुसून आलो त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. दाजी ओसरीवर मला रॉकेलात धूत बसले होते. कुणाशी बोलत नव्हते. किशोरी आत होती. सखूबाई आपली रिकामी पाटी काखेत घेऊन तरातरा आली. आदल्या दिवशी ती त्या बाजूला सुकी मासळी घेऊन गेली होती, नात प्रांजलला बरोबर नेलं होतं, आणि तिनं भिंत वाचून दाखवली होती, खालच्या किशोरीच्या नावासकट. आज आम्ही काय करून आलो हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं दोनदा हाक मारली, दाजींनी मान वर केली नाही. तेव्हा तिनं त्यांच्या हातातून मलाच ओढून घेतलं, डोळ्यांसमोर धरलं आणि म्हणाली,

"तुझा मालक मुका झालाय, तवा तुलाच सांगते रं ब्रशा. मी टकटकीला हसले, ते सोड. आमची प्रांजल पन शिकतेय. त्या भितीवर किशोरीच्या बाजूला तिच्या नावाला थोडी जागा राखून ठेव."